चंदरदादाला दिलेली गोळी

माझ्या आजारपणाबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा पहिलं नाव कुणाचं लिहायचं यावरून घरात थोडा वाद झाला. मंगल, माझी बायको, म्हणाली, "डॉक्टर मॅडमचं लिवा. त्यांनी जीव वाचवला." तिचं म्हणणं मला पटलं, तरीही मी चंदरदादाचं नाव लिहितो आहे. चंदर माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार त्याचे आहेत, आणि माझ्या आजारपणात सगळ्यात जास्त नुकसान मी त्याचंच केलं. त्यामुळे हे लिहिणं मला वर्षभर जमलं नाही.

आमची आदिवासी वाडी पेणजवळच्या जिते स्टेशनापासून डोंगराकडे पाऊण तासाच्या पायवाटेवर आहे. दादा सातवीत आणि मी चौथीत असताना आईबाबा वीटभट्टीवर कामाला निघाले. हाताखाली दोघांपैकी एक जण हवाच होता. दादा म्हणाला, "सुन्याला ठेवा शाळेत. मला तसा पण पाढा येत नाय." त्याला तिसापर्यंत पाढे पाठ होते. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही एकदा सहज तो विटांचा हिशोब तोंडी करत होता म्हणून.

मी आश्रमशाळेत राहून दहावी झालो आणि पेणच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. वाडीतला पहिला पदवीधर. मार्कलिस्ट घरी आणली तेव्हा दादानं ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "सगळी इंग्रजीत? माझ्यापुरती एक मराठीत मागायची ना रं."

पुढे मला रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. दादा तोपर्यंत पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात घासकाम करत होता. साच्यातून काढलेली कच्ची मूर्ती वाळली की ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. दिवसभर मांडी घालून, मान खाली, अंगावर पांढरी भुकटी.

पाकिटं वाचणारा

वाडीत एक जण शिकला की त्याला एक काम आपोआप लागतं. दवाखान्यातून आणलेली गोळ्यांची पाकिटं वाचायची. मी शिफ्ट संपवून घरी आलो की कुणीतरी पडवीत बसलेलं असायचं. "सुनील, बघ रं, ही तापाची का पोटाची?"

आमच्याकडे एकट्यानं खायची रीत नाही. नदीतले मासे मिळाले, रानातले कंद मिळाले, तर शेजारच्या घरी वाटा जातो. औषधाचंही तसंच. एकाला सरकारी दवाखान्यात दहा गोळ्या मिळाल्या की दुखणाऱ्या चार माणसांत त्या फिरतात. कात्रीनं पाकीट कापायचं, दोन तुला, दोन तिला. कापल्यावर औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका असं सांगणारी तांबडी रेघ आणि तिच्याजवळची ओळ कुणाला धड वाचताच येत नाही. मी शिकलेला असून हे थांबवलं नाही. उलट कात्री माझ्याच हातात असायची. सुनील नीट वाचून देतो, असा वाडीचा विश्वास होता.

पाय मोडला

एका वर्षी पाऊस संपता संपता वडखळच्या अलीकडे हायवेच्या खड्ड्यात माझी मोटरसायकल गेली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. घरी सोडताना दिलेल्या कागदावर इतर औषधांबरोबर एक कॅप्सूल होती. दहा दिवस घ्यायची, तीही दुखलं तर. औषधाचं नाव ट्रामाडोल. हे नाव मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे बरेच महिने मी ते लपवलं.

औषध चांगलं आहे. ऑपरेशननंतरचे ते दिवस मला त्यानंच सोसवले. अडचण अकराव्या दिवशी सुरू झाली. पाय आता सोसण्याइतका दुखत होता, पण गोळी घेतल्यावर पायाबरोबर बाकी सगळंही दुखायचं थांबतं हे मला कळलं होतं. नोकरी जाईल का, लंगडत राहीन का, घर कसं चालेल, हे सगळं तासाभरात लांब जायचं. मी कामावर रुजू झालो तेव्हा लॅबमध्ये आठ तास उभं राहावं लागे. शिफ्टच्या आधी एक घ्यायची. मग शिफ्टमध्ये एक. मग घरी आल्यावर माणसासारखं बोलता यावं म्हणून एक.

मी स्वतःला समजावत होतो की मी केमिस्ट्री शिकलोय, मला औषध कळतं. जुना कागद दाखवून कधी पेणहून, कधी रोह्याहून आणायचो. मंगल अंगणवाडीत मदतनीस आहे. ती एकदा म्हणाली, "तुम्ही घरात असता, पण घरातले नसता ओ." मी म्हणालो, नाईट शिफ्टनं थकवा येतो.

दादाची कंबर

पुढच्या उन्हाळ्यात दादाची कंबर धरली. अक्षय्य तृतीयेनंतर गणपतीच्या कारखान्यात दम खायला वेळ नसतो. बसून बसून कंबर आखडते आणि टेम्पो भरायला उठलं की त्याच कंबरेवर जोर पडतो. एके दिवशी तो भिंतीला धरून आमच्या पडवीत आला.

"काय तरी दे रं, सुन्या. उद्या गाडी भरायची हाय."

मी घरात गेलो, माझ्या पाकिटातून चार कॅप्सूल कापल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. सकाळी एक, रात्री एक.

आठवड्यानं तो खूश होऊन आला. "तुझी गोळी म्हंजे जादू हाय. दिवसभर घासलं, मला कंबर हाय का नाय ते पण समजलं नाय." कारखान्यात त्यानं सगळ्यांना सांगितलं, भाऊ केमिकलमध्ये आहे, भावानं दिलीय. मला अभिमान वाटला. इतकी वर्षं तो मला देत आला, आता मी त्याला काही देत होतो. वर्षभर दर आठवड्याला मी त्याचा वाटा कापून ठेवायचो.

नाव असलेला तुकडा मात्र मी नेहमी माझ्याकडे ठेवायचो. त्याचं खरं कारण लिहितो. नाव कळलं असतं तर दादा स्वतः मेडिकलमध्ये गेला असता, दुकानदारानं प्रश्न विचारले असते आणि ते प्रश्न फिरून माझ्यापर्यंत आले असते.

रिपोर्ट चांगले आले

मी पकडला गेलो ते रोह्याच्या एका मेडिकलवाल्यामुळे. त्याला आज भेटलो तर पाया पडेन. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हा पावणेदोन वर्षं जुना आहे. या गोळीवर आता कडक नियम आहेत. डॉक्टरकडून नवीन आणा." त्याच आठवड्यात पेणलाही नाही म्हणाले.

गोळ्या संपल्याच्या तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या नळीची, तोटी माझ्या हातात थरथरायला लागली. एकच टेस्ट तीनदा चुकली. डोळ्यांतून, नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, आणि जांभया इतक्या की जबडा दुखायला लागला. सुपरवायझर म्हणाले, "भाताच्या खाचरात उतरला होतास का? लेप्टो असेल." मला एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. मनातून मी देवाला म्हणत होतो, तो पावसाळी तापच असू दे, लेप्टोच असू दे.

दुसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट चांगले आले. ते घेऊन एक डॉक्टर मॅडम माझ्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, हातावरचा काटा पाहिला.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"काही नाही."

"पाय मोडला होता तेव्हा काय दिलं होतं?"

मी म्हणालो, "मी केमिस्ट्रीचा पदवीधर आहे, मॅडम."

"म्हणूनच इतके दिवस तुम्हाला कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दिवसाला किती?"

मी आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितला. मंगल पायथ्याशी उभी होती.

ती मॅडमना म्हणाली, "पण हे तर दारूला शिवत पण नायत ओ."

"यांना व्यसनी माणूस म्हणू नका. गोळीला शरीर सरावलंय, हा आजार आहे आणि याला इलाज आहे. पूर्वी माझ्याकडे गर्दची नशा करणारे जास्त यायचे. आता मेडिकलच्या पिशवीतून आजार घेऊन येणारे दिसतात. ड्रायव्हर आहेत, हमाल आहेत, कंबर दुखणाऱ्या बायका आहेत."

मॅडम गेल्यावर मंगल कॉटवर बसली. तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने ती समजत होती की माझं बाहेर कुठेतरी दुसऱ्या बाईशी आहे. "बाई असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या," ती म्हणाली. "आता या गोळीचं काय धरू?"

वॉर्डातले दिवस

मला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात हलवलं. घरी दादाला आणि वाडीला मंगलनं सांगितलं की पायाच्या नसेचा इलाज चालू आहे. तिला लाज वाटत होती आणि मलाही.

पहिले पाच दिवस वाईट गेले. त्यांचं वर्णन करून कुणाला घाबरवायचं नाही. एवढंच सांगतो, फ्लूचा ताप, जुलाब आणि परीक्षेची भीती एकत्र केली तर जे होईल ते. औषधं देतात, त्यामुळे सोसता येतं. घरी खोलीत कोंडून घेऊन कुणी हा प्रयोग करू नये. एकदम बंद केल्यानं फिटही येऊ शकते, असं मॅडमनी बजावलं.

वॉर्डाचं वेळापत्रक शाळेसारखं होतं. सहाला चहा, सातला व्यायाम, मग गोळ्यांची रांग. सिस्टर समोर उभ्या राहून गोळी गिळायला लावायच्या आणि तोंड उघडून दाखवायला सांगायच्या. मोबाईल त्यांच्या कपाटात. भेटायला फक्त रविवारी आणि बुधवारी.

माझ्या शेजारच्या कॉटवर पन्नाशीतले एक ट्रक ड्रायव्हर होते. धरमतरच्या जेट्टीवरून कोळसा भरून देशभर फिरलेले. त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. ते खोकल्याचं औषध बाटलीनं पीत. "पंधरा वर्षं प्यालो," ते सांगायचे, "आणि आईशपथ सांगतो, मला खोकला एकदाही झाला नाही. औषध जबरदस्त आहे!"

या गोळीनं पोट कायम धरून राहतं आणि ती सुटली की जुलाब लागतात; सातव्या दिवशी सकाळी माझं पोट पहिल्यांदा नीट साफ झालं. हे लिहू नये असं वाटेल, पण ज्यांनी ही गोळी वर्षभर खाल्ली आहे त्यांना याचं महत्त्व कळेल. मी संडासातून बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा पाहून वस्ताद कॉटवर उठून बसले. "झाली? सिस्टर, पेढे मागवा! ग्रॅज्युएट पास झाला!" अख्खा वॉर्ड हसला. सिस्टरसुद्धा हसल्या. त्या दुपारी हॉस्पिटलच्या पातळ वरणाला मला चव लागली. जिरं कळलं. मी सिस्टरना म्हणालो, वरण छान आहे. त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय.

रविवार

दहाव्या दिवशी रविवार होता. मंगलबरोबर दादा आला. मंगलनं टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी आणली होती. दादा कॉटच्या कडेला टेकला.

तो जांभई देत होता. एक संपली की दुसरी. बाहीनं नाक पुसत होता. हातावरचे केस उभे होते. लॅबमधले माझे स्वतःचे हात मला समोर दिसत होते.

"भुकटीनं सर्दी झालीय," तो म्हणाला.

मंगल बाटली भरायला गेली तेव्हा तो जवळ सरकला. "सुन्या, ती गोळी हाय का थोडी? तू ठेवलेल्या संपून चार दिवस झाले. अंग नुसतं मोडून ठेवलंय. सीझन हाय, घरी बसलो तर शेठ दुसरा बघील."

मी एवढंच बोललो, "नाय रे दादा. इथं नाय देत."

"बरं, बरं. तू बरा हो पयला." त्यानं माझ्या दुखऱ्या पायावर हात फिरवला. "माझं मी बघतो. कारखान्यात एक जण आणून देतो बोललाय कायतरी. त्याच्यावर जरा देशी मारायची, मंग झोप लागते म्हणे."

तेवढ्यात मंगल आली. भेटीची वेळ संपली. मी त्याला जाताना पाहत राहिलो. जिन्याच्या कठड्याला धरून तो एकेक पायरी उतरत होता.

वस्ताद त्यांच्या कॉटवरून सगळं पाहत होते. "तुझ्या भावाला सर्दी नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती. "तू दिलीस?"

"व्हय."

"मग सांगायचं पण तूच. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मारील. तू सांगितलंस तर मारील, पण आधी ऐकून घेईल."

पाच कागद

सोमवारी सकाळच्या राउंडला मी मॅडमना सगळं सांगितलं. स्वतःच्या गोळ्यांचा आकडा सांगताना जितकं जड गेलं नव्हतं तितकं हे गेलं. त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली.

"तो माणूस त्यांना काय आणून देणार आहे हे कुणालाच माहीत नाही. त्यावर दारू घेतली तर झोपेत श्वास मंदावतो. माणूस उठतच नाही. त्यांना उद्या, फार तर परवा इथे आणा." त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला.

दादाचा फोन काम चालू असताना बंद असतो. पण चालू असता तरी उपयोग नव्हता. त्याचा आवाज ऐकला की मी "जेवलास का" याच्या पुढे गेलोच नसतो, हे मला आदल्या दिवशी कळून चुकलं होतं. मी मॅडमच्या फोनवरून मंगलला उद्याच ये म्हणून सांगितलं आणि सिस्टरकडे कागद मागितले.

पाच कागद फाडले. पहिल्यात नुसती माफी होती. दुसऱ्यात इतकी केमिस्ट्री होती की मलाच हसू आलं. दादा वाचतो, पण सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. म्हणून शेवटचं पत्र मी फळ्यावर लिहितात तसं मोठ्या अक्षरात लिहिलं. ते लिहिताना मला हेही दिसत होतं की वाडीतला शिकलेला सुनील, पाकिटं वाचणारा सुनील, या कागदाबरोबर संपणार.

मंगळवारी मॅडमच्या परवानगीनं मंगल आली आणि तिनं ते माझ्यासमोर वाचलं. "हे वाचून तो तुम्हाला तोडून टाकील."

"टाकू दे. आधी इथं येऊ दे."

पुढचं मला तिनं सांगितलं. ती तशीच कारखान्यात गेली. दादानं नळावर हात धुतले, पँटला पुसले आणि भुसा भरलेल्या पोत्यावर बसून पत्र वाचायला घेतलं. अर्धा तास वाचत होता. मुकादमानं दोनदा हाक मारली. "थांबा रं, भावाचं पत्र हाय," एवढंच तो बोलला. वाचून झाल्यावर त्यानं घडी केली, खिशात ठेवली आणि मंगलला विचारलं, "पयली गाडी किती वाजता हाय गो?"

आता

बुधवारी सकाळी तो आला. खिशात त्या माणसानं दिलेल्या चार गोळ्या होत्या, न खाल्लेल्या. मॅडमनी त्या काढून घेतल्या. त्याला भरती करून घेतलं आणि माझ्यापासून दोन कॉट सोडून जागा दिली.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. वस्तादांशी बोलायचा, हसायचा, माझ्याकडे पाठ. नवव्या दिवशी चहाच्या रांगेत माझ्या मागे उभा असताना म्हणाला, "मंगल बोलली, पाच कागद फाडलेस."

"व्हय."

"एवढं काय अवघड व्हतं?"

त्यानं मला कोपरानं पुढे ढकललं. "चल. रांग पुढं गेली."

याला आता वर्ष झालं. मी महिन्यातून एकदा ओपीडीत जातो. कंपनीनं मला जनरल शिफ्ट दिली. पाय पावसात दुखतो, त्यावर शेक आणि व्यायाम पुरतो. दादाचं यंदाच्या सीझनमध्ये दोन दिवस पाऊल घसरलं, त्यानं पुन्हा गोळी घेतली. तो स्वतःच पहिल्या गाडीनं मॅडमकडे गेला आणि मग मला सांगितलं. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी त्याला मांडी घालून काम करायला मनाई केली होती. शेठनं आधी नाक मुरडलं, पण दादाला सोडायचं नव्हतं म्हणून उंच टेबल आणि स्टूल करून दिलं. आता तिथे चार जण स्टुलावर बसून मूर्ती घासतात. मी परवा पाहून आलो. दादाची मान सरळ होती आणि तो रेडिओवरच्या गाण्याबरोबर काहीतरी बेसूर म्हणत होता. मला फार बरं वाटलं.

वाडीत मी आणखी तीन घरांत ही गोळी दिली होती. डिस्चार्ज मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात तिन्ही घरी जाऊन खरं सांगितलं. त्यांतल्या एका घरातली भीमीआजी ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे त्या येळी दिवसभर झोप यायची ती गोळीनं व्हय? मला वाटलं म्हातारपण आलं. मग मी अजून जवानच हाय की रं!" पाकिटं अजूनही माझ्याकडे येतात. मी वाचून दाखवतो आणि अख्खं पाकीट ज्याचं त्याला परत देतो. दुसऱ्याला हवं असेल तर त्याला दवाखान्यात घेऊन जातो. रविवार त्यात जातो, पण जाऊ दे.

तुमच्या घरात कुणाला ऑपरेशननंतर दुखण्याची गोळी दिली असेल तर घाबरू नका, सांगितल्याप्रमाणे द्या. किती दिवसांची आहे ते विचारा आणि ते दिवस संपल्यावर पाकीट कुठे आहे तेही पाहा. आणि तुम्ही माझ्यासारखे गोळीत अडकला असाल, तर एका माणसाला आकडा सांगा. त्यानंतरचं काम सोपं नाही, पण ते एकट्याचं राहत नाही.

दादानं ते पत्र जपून ठेवलं आहे. त्याला विचारून खाली देतो.

---

चंदरदादास,

सुनीलचा नमस्कार.

मंगल पत्र देईल. घाईत वाचू नको, बसून वाच.

मी पायाच्या नसेसाठी इथे नाही. ते आम्ही खोटं सांगितलं. मला दुखण्याच्या गोळीची सवय लागली, ती सोडवायला मी भरती आहे. पाय मोडल्यावर दहा दिवस घ्यायची होती, मी पावणेदोन वर्षं खाल्ली.

तीच गोळी मी तुला देत होतो.

तुला सर्दी झालेली नाही. जांभया, नाक गळणं, अंग मोडणं, हे सगळं मलाही झालं. गोळी बंद झाली की शरीर ती मागतं, म्हणून होतं. यात तुझी काही चूक नाही. तू कंबर दुखते म्हणून भावाकडे आलास. भावानं पाकीट कापून दिलं आणि नाव लपवून ठेवलं. गोळीचं नाव ट्रामाडोल आहे. कागदावर लिहिलं आहे, आता ते तुझ्याकडे राहू दे.

मी शिकलेला म्हणून तू मला कधी काही विचारलं नाहीस. पुढे विचारत जा. मी काहीही दिलं तरी विचार.

आता मुख्य ऐक. कारखान्यातला तो माणूस जे देईल ते खाऊ नको. त्याच्यावर दारू तर अजिबात नको. त्यानं झोपेत जीव जातो, असं मॅडम म्हणाल्या आणि त्या उगाच बोलत नाहीत. त्याच्याकडून घेतलं असलंस तर तसंच खिशात घालून आण. कुणी रागावणार नाही. शेठला सांग, भावाचं काम आहे. काम गेलं तर दुसरं शोधू, मी तुझ्याबरोबर फिरेन.

तुला माझ्या थोबाडीत मारायची असेल तर इथे येऊन मार. घरी बसून रागावू नको.

उद्या पहिल्या गाडीनं ये. मंगलला बरोबर आण. आश्रमशाळेच्या फॉर्मपासून पायाच्या ऑपरेशनपर्यंत माझ्या प्रत्येक कागदावर तुझी सही आहे. मला वाटलं होतं या वेळी तुझ्या कागदावर मी करावी. सिस्टर म्हणाल्या, पेशंटची सही चालत नाही, मंगलची लागेल.

पण खाली जायची परवानगी त्यांनी दिली आहे. केसपेपरच्या खिडकीला सकाळी मोठी रांग असते. तू उभा राहू नको, तुझी कंबर दुखेल. खिडकी उघडायच्या आधी जाऊन तुझा नंबर मी लावून ठेवतो.

तुझा
सुनील